पॉन्टून खेळायला शिका: लक्ष एकवीसवर कमी, चिंचोक्यांवर जास्त

बेळगाव-खानापूर भागात पत्ते न येणारा माणूस शोधून सापडायचा नाही. मेंढीकोट, झब्बू, बदाम सात, पाच-तीन-दोन हे कुणी शिकवावं लागत नाही. मे महिन्याच्या सुट्टीत मामाच्या माडीवर चार दिवस बसलं की आपोआप येतं. पॉन्टून मात्र बऱ्याच जणांना ऐकूनच माहीत असतो. जिथं खेळला जातो तिथंही निम्मे नियम त्या दिवशी कॅट ज्याच्या हातात असेल त्याच्या मर्जीवर चालतात. नवा माणूस थोडा वेळ खेळतो, हरतो आणि "हे तर नुसतं नशीब" म्हणून उठतो.

पॉन्टून हा कॅसिनोतल्या ब्लॅकजॅकचा ब्रिटिश घरगुती प्रकार. दोन्हींचं मूळ अठराव्या शतकातल्या एका फ्रेंच खेळात आहे. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश शिपायांचा हा फार आवडता खेळ होता, आणि कारण उघड आहे: एक कॅट, बसायला जागा आणि लावायला काहीतरी, एवढ्यावर भागतं. एकवीसच्या जवळ जायचं, पुढं जायचं नाही, हे कुणालाही एका मिनिटात समजतं. वेळ लागतो तो कुठल्या पानावर किती लावायचं हे समजायला. खरा खेळ तिथं आहे, म्हणून हा लेखही जास्त करून त्याबद्दलच आहे.

बसण्याआधी ठरवायचं ते

पाच ते सात भिडू उत्तम. तिघांत रंगत नाही, आठाच्या वर गेलं की आपली पाळी येईपर्यंत चहा थंड होतो. एक साधा ५२ पानांचा कॅट, जोकर काढून. जमिनीवर सतरंजी असली तर बरं, कारण पानं उलटी ठेवायची असतात आणि गुळगुळीत टेबलावरून ती नखानं उचलताना दुमडतात. दुमडलेलं पान पुढच्या डावाला सगळ्यांना ओळखू येतं.

लावायला चिंचोके घ्या. दर माणशी चाळीस पुरतात, बँकवाल्याला (म्हणजे पानं वाटून बाकी सगळ्यांविरुद्ध खेळणाऱ्याला) ऐंशी. शेवटी ज्याचे चिंचोके सगळ्यांत कमी त्यानं कुंदा आणायचा, किंवा सगळ्यांची चहा-भजी करायची, असं काही ठेवलं की खेळाला धार येते. पैसे लावू नका. कर्नाटक पोलीस कायदा, १९६३ मध्ये जुगाराच्या अड्ड्याबद्दल स्पष्ट कलमं आहेत, आणि 'अंदर-बाहर खेळणारे ताब्यात' ही बातमी आपल्याकडच्या पेपरात कायम असते. चंदगड-गडहिंग्लजच्या पाहुण्यांकडे गेलो म्हणून सुटका नाही. तिकडे १८८७ चा जुगारबंदी कायदा आहे. मोबाईलवरच्या पैशांच्या खेळांवरही २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेनं बंदीचा कायदा केला आहे. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, भावकीत पैसे लावून खेळलेला डाव दिवाळीनंतरही मिटत नाही.

आता मर्यादा. पहिल्या पानावर कमीत कमी एक आणि जास्तीत जास्त पाच चिंचोके, हे सुरुवातीलाच बोलून घ्या. बँक पहिल्यांदा कोणाकडे? कॅट कापायचा, ज्याचं पान मोठं तो बँकवाला.

पानांची किंमत आणि हातांची चढण

दुर्रीपासून दश्शीपर्यंत पानाची जी संख्या तीच किंमत. गुलाम, राणी, राजा ही चित्रं प्रत्येकी दहा. एक्का हवा तसा एक किंवा अकरा. रंगाला काही अर्थ नाही; इस्पिक काय, बदाम काय, सारखंच.

सगळ्यांत मोठा हात म्हणजे एक्का आणि दहाच्या किमतीचं पान, फक्त दोन पानांत एकवीस. यालाच पॉन्टून म्हणतात, आणि त्याला दुप्पट मिळतं. त्याच्या खाली पाचपानी: पाच पानं घेऊनही एकवीसच्या आत किंवा बरोबर एकवीसवर राहिलात, की तुमची बेरीज तेरा असो नाहीतर एकवीस, हात तेवढाच मोठा. यालाही दुप्पट. त्याच्या खाली तीन किंवा चार पानांतलं एकवीस, मग वीस, एकोणीस असं उतरत. बावीस झाले की फुटलात.

पाचपानी हाच पॉन्टूनचा मसाला आहे. ज्यांना ब्लॅकजॅक येतो ते इथं हमखास गडबडतात, कारण त्यांच्या डोक्यात पाच पानांना वेगळा भाव नसतो. त्यावर पुढं बोलूच.

डाव कसा चालतो

बँकवाला डावीकडून सुरू करून प्रत्येकाला एकेक पान उलटं वाटतो, शेवटचं स्वतःला. भिडू आपलं पान बघतात, बँकवाला स्वतःचं बघत नाही. ते एक पान बघूनच प्रत्येकानं चिंचोके लावायचे. सगळ्यांचे लागले की दुसरं पान, तेही उलटं.

आता बँकवाला आपली दोन पानं बघतो. त्याच्याकडे पॉन्टून असला तर तो लगेच उघडा करायचा. डाव तिथंच संपतो आणि प्रत्येकाकडून दुप्पट वसूल होते. भिडूकडेही पॉन्टून असेल तरी बरोबरीत बँक जिंकते. (काही घरांत अशा वेळी त्या भिडूकडून एकपटच घेतात. चालेल, पण आधी ठरलेलं असावं.)

बँकेकडे पॉन्टून नसेल तर डावीकडच्या भिडूपासून पाळी सुरू. आमच्याकडे बोलायचे शब्द तीनच. 'विकत' म्हणजे पान उलटं मिळणार, पण त्यासाठी आणखी चिंचोके ठेवायचे: आधी लावले होते तेवढे, किंवा जास्तीत जास्त त्याच्या दुप्पट. 'उघडं' म्हणजे पान फुकट, पण सगळ्यांसमोर सुलटं. आणि 'बस'. शहापूर-वडगावकडे बैठकीत कानडी शेजारी असतातच, ते 'साकु' म्हणतात. बँकवाल्यानं तेही समजून घ्यावं.

यात तीन बंधनं आहेत. पंधराच्या आत असताना बस म्हणता येत नाही. एकदा उघडं घेतलं की त्या हाताला पुन्हा विकत घेता येत नाही. उलट मात्र चालतं, आधी विकत आणि मग उघडं. आणि चार पानांची बेरीज अकरा किंवा कमी असेल तर पाचवं पान विकत घेता येत नाही, उघडंच घ्यावं लागतं, कारण तिथं फुटायची शक्यताच नसते. खात्रीच्या पानावर भाव वाढवायचा नाही, असा त्यामागचा विचार.

हातात पॉन्टून आला तर पाळीला एक्का सुलटा करून ठेवायचा. पाचपानी झाली की बोलून दाखवायची. फुटलात तर पानं टाकायची, चिंचोके बँकेचे, आणि ती पानं कॅटच्या तळाशी.

दोन सारखी पानं आली, म्हणजे दोन अठ्ठ्या किंवा दोन राजे, तर हात फोडून दोन वेगळे हात करता येतात. दुसऱ्या हातावर पहिल्याएवढेच चिंचोके ठेवायचे. राजा आणि राणी ही जोडी नव्हे, दोन्ही दहाचे असले तरी.

सगळ्यांचं झालं की बँकवाला आपली पानं सुलटी करतो आणि हवी तेवढी घेतो किंवा थांबतो. तो फुटला तर उभ्या असलेल्या प्रत्येकाला देतो. थांबला तर त्याच्यापेक्षा मोठ्या हातांना देतो, बाकीच्यांचे घेतो. बरोबरी बँकेची.

शेवटचा नियम सगळ्यांत दुर्लक्षित आहे आणि सगळ्यांत महत्त्वाचा: डावात कुणालाही पॉन्टून आला नाही तर कॅट पिसायचा नाही. वापरलेली पानं तळाशी सरकवायची आणि पुढचा डाव वाटायचा. भिडूला पॉन्टून आला तरच पानं पिसायची, आणि बँकही त्या भिडूकडे जाते. बँकवाल्याला स्वतःला आला तर पिसणं होतं, बँक मात्र त्याच्याकडेच राहते.

एक डाव बघू

मामा बँकवाले. त्यांच्या डावीकडे वहिनी, मग भाचा, मग आज्जी.

पहिलं पान: वहिनींना एक्का. त्यांनी पाच लावले. भाच्याला सत्ती, त्यानं एक लावला. आज्जींना दुर्री, त्यांनीही एक. दुसरं पान आलं: वहिनींना नव्वी, भाच्याला अठ्ठी, आज्जींना तिर्री. मामांनी आपली पानं बघितली, पॉन्टून नाही.

वहिनी वीसवर आहेत. बस. भाचा पंधरावर. बस म्हणायला मुभा आहे, पण पंधरानं जिंकायचं तर बँक फुटायलाच हवी. तो म्हणाला उघडं. राणी आली, पंचवीस, फुटला. निर्णय चुकला नाही, पान चुकलं. पण त्यानं हात मागं घेतला नाही, आणि मामा म्हणाले, "अगा, फुटलास न्हवं, आता पानं कशाला धरून बसलास?"

आज्जी पाचवर आहेत, दोन पानांत. विकत, एक चिंचोका: चव्वी. नऊ झाले. पुन्हा विकत: छक्की. पंधरा, आणि हातात चार पानं. आज्जींनी जरासा विचार केला आणि तिसऱ्यांदा विकत मागितलं. तिर्री. अठरा, पाच पानांत. पाचपानी. समोर चार चिंचोके लागलेले.

मामांकडे दश्शी आणि छक्की, सोळा. आज्जींना आता हरवायचं तर मामांनाही पाचपानीच हवी, आणि सोळावरून आणखी तीन पानं घेऊन एकवीसच्या आत राहणं जवळजवळ अशक्य. तो हात गेला. उरल्या वहिनी. त्यांनी पहिल्याच पानावर पाच लावले आणि नंतर एकही पान न घेता बसल्या. म्हणजे हातात एक्का किंवा चित्र, आणि बेरीज चांगली. सोळावर थांबून काही मिळणार नाही हे मामांना कळलं, त्यांनी पान घेतलं, गुलाम आला, सव्वीस. वहिनींना पाच, आज्जींना दुप्पट म्हणजे आठ. भाच्याचा एक मिळाला होता. बँकेला बाराचा फटका.

या एका डावात जवळजवळ सगळं आलं. आता एकेक निर्णय उलगडू.

पहिल्या पानावर किती?

एक्का आला तर मर्यादेएवढे लावा, विचार करू नका. उरलेल्या ५१ पानांत दहाच्या किमतीची सोळा आहेत, म्हणजे जवळपास तीनात एकदा पॉन्टून. नाही आला तरी एक्का हातात असला की लगेच फुटायची भीती नसते.

चित्र किंवा दश्शी आली तर एक्का मिळायची शक्यता ५१ त चार, शेकडा आठच्याही खाली. तरी वीस व्हायला वाव आहे, म्हणून तीन लावावेत. कधीतरी मुद्दाम पाच लावा. नाहीतर तुमचे पाच म्हणजे एक्का हे सगळ्या बैठकीला पाठ होतं. बाकी सगळ्या पानांना एक. सत्ती-अठ्ठीवर तीन-तीन लावणारा भिडू बँकवाल्याचा लाडका असतो.

मुळात दोन पानांत पॉन्टून येण्याची शक्यता शेकडा पाचाच्या किंचित खाली आहे, म्हणजे एका माणसाला साधारण एकवीस डावांत एकदा. नवखे लोक त्याच्याच आशेवर दर डावाला मोठा आकडा लावतात आणि इथंच घोडं पेंड खातं.

विकत की उघडं

उघडं फुकट आहे म्हणून ते स्वस्त, असं वाटतं. तसं नाही. हात चांगला असताना फुकट पान घेणं म्हणजे पुढं येणारा नफा सोडून देणं. आणि त्या हाताला विकतचं दार बंद होतं ते वेगळंच. उलट हात वाईट असताना विकत घेणं म्हणजे हरणाऱ्या हातावर भर घालणं.

दोन पानांत दहा किंवा अकरा असतील तर विकत घ्या, शक्य तर दुप्पट देऊन. फुटायचा प्रश्न नाही आणि दहाच्या किमतीचं पान आलं तर वीस किंवा एकवीस. दोन पानांत पाच-सहा अशी बारीक बेरीज असेल तरी विकत, पण थोडक्यात. तिथं डोळा पाचपानीवर असतो. आज्जींनी केलं ते हेच.

बारा ते चौदा हे दुखणं आहे. बस म्हणता येत नाही, पान घ्यावंच लागतं. बारावर फुटायची शक्यता शेकडा एकतीस, तेरावर अडतीस-एकोणचाळीस, चौदावर सेहेचाळीस. इथं कायम उघडं.

पंधरावर फुटायची शक्यता शेकडा चोपन्न, सोळावर बासष्ट, सतरावर एकोणसत्तर. दोन किंवा तीन पानांत पंधरा असतील तर मी उघडं घेतो, कारण बरोबरीही बँकेची असते आणि पंधराला जवळपास कुणीही मारतं. सोळावर काहीही करा, दोन्हीकडून मारच आहे. समोर लागलेले चिंचोके कमी असतील तर गप्प बसावं. सतरा आणि वर, बस.

एक्क्याचा हात वेगळा. एक्का आणि पंजी म्हणजे सोळा नव्हे, सहा समजा आणि पान घ्या. फुटणं शक्यच नाही. एक्का आणि छक्की, तरीही घ्या. एक्का-सत्ती म्हणजे अठरा, यावर मतभेद आहेत, मी बसतो. एक्का-अठ्ठी किंवा एक्का-नव्वीवर पान मागणारा माणूस शहाणा नाही, मग तो कितीही जुना भिडू असो.

जोड्यांचं थोडक्यात: दोन एक्के नेहमी फोडा. दोन अठ्ठ्या फोडा, सोळापेक्षा दोन वेगळे आठ परवडले. दोन दहाची पानं कधी फोडू नका, हातचं वीस सोडून पळत्याच्या पाठी लागण्यात अर्थ नाही. दोन पंज्याही नाही, दहावर विकत घेणं जास्त चांगलं. फोडलेल्या एक्क्यावर चित्र आलं तर ते पॉन्टून धरायचं की साधं एकवीस, हे आधी ठरवा. यावरून झालेली भांडणं मी बरीच ऐकली आहेत.

पाचवं पान

आता आज्जींचा निर्णय. चार पानांत पंधरा. दोन पानांतल्या पंधरावर आणि चार पानांतल्या पंधरावर फुटायची शक्यता साधारण सारखीच, पण मोबदला वेगळा: इथं न फुटलात की हात थेट पाचपानी, आणि त्याला दुप्पट.

हिशोब करून बघू. आज्जींच्या हातात दुर्री, तिर्री, चव्वी, छक्की. उरलेल्या ४८ पानांत एक्क्यापासून छक्कीपर्यंतची चोवीसातली वीस पानं शिल्लक, तीच आज्जींना चालतात. बाकीची अठ्ठावीस फोडतात. समजा समोर एकच चिंचोका आहे आणि असा हात ४८ वेळा आला: वीस वेळा दोन-दोन मिळाले, म्हणजे चाळीस, अठ्ठावीस वेळा एकेक गेला. निव्वळ बारा फायद्यात. फुटण्याची शक्यता निम्म्याहून जास्त असूनही फायदा! म्हणूनच आज्जींनी उघडं न मागता विकत मागितलं. फायद्याच्या पानावर भर घालायचीच असते.

चार पानांत सोळा असतील तरी हिशोब थोडासा फायद्यातच निघतो. पण तो फायदा निसटता आहे, म्हणून तिथं विकत न घेता उघडं घेतलं तरी बिघडत नाही. चार पानांत सतरा असतील तर पाचवं पान किंचित तोट्याचं आहे, पण सतरावर बसणं त्याहून तोट्याचं, कारण बँक सतरावर आली तरी तीच जिंकते. तेव्हा उघडं घ्या. अठरा झाले की थांबा.

नवीन माणसाला हे पटवणं अवघड जातं. चार पानांपर्यंत आलो, आता फुटलो तर? म्हणून तो पंधरावर बसतो, आणि बँक अठरा दाखवून चिंचोके ओढून घेते. तीन पानांत बेरीज बाराच्या आत असेल तर मनातल्या मनात पाचपानीच्या वाटेला लागा. सहज जमेल असं नाही, पण बाकीच्या भिडूंपेक्षा तुमचे चिंचोके जास्त वेळ टिकतील.

न पिसलेला कॅट

चार-पाच जणांच्या एका डावात तेरा-चौदा पानं जातात. म्हणजे पॉन्टून आला नाही तर जवळपास पावणेचार डावांपर्यंत एकही पान परत येत नाही. सगळी पानं लक्षात ठेवायची गरज नाही. दोनच गोष्टी मोजा: एक्के किती गेले, आणि चित्रं-दश्श्या मिळून किती गेल्या.

वरच्या डावात तेरा पानं गेली. त्यात दहाच्या किमतीची फक्त तीन: राणी, दश्शी, गुलाम. उरलेल्या ३९ पानांत अशी तेरा आहेत, बरोबर तिसरा हिस्सा. भरल्या कॅटमध्ये हे प्रमाण शेकडा एकतीस असतं, आता तेहेतीस झालं. बारीक पानं, एक्क्यापासून छक्कीपर्यंतची, सात गेली. म्हणजे पुढच्या डावात बारावर फुटायची भीती थोडी जास्त आणि पाचपानी थोडी अवघड. फरक लहान आहे. पण असे दोन डाव एकाच बाजूला झुकले की तो लहान राहत नाही. कॅटमध्ये नुसती चित्रं साचलेली असताना चौथ्या पानासाठी धडपडणारे मी पाहिलेत, आणि त्यांच्या शेजारी शांत बसून एक्क्याची वाट बघणारेही.

उलटी ठेवलेली विकतची पानं डाव संपल्यावर उघडी होतात, तेव्हा बघून घ्या. बऱ्याच घरांत हरलेला भिडू पानं न दाखवताच तळाशी सरकवतो. ते चालू देऊ नका.

बँक आली की

पॉन्टून आला आणि बँक मिळाली, तर "नको, दुसऱ्याला द्या" म्हणू नका. बँक फायद्याची आहे. दोन कारणं: बरोबरी तुमची, आणि तुमच्या आधी फुटलेल्यांचे चिंचोके तुमचेच, मग नंतर तुम्ही स्वतः फुटलात तरी. तुमच्या आधी काही भिडू फुटून गेलेले असतात.

पण साठा हवा. पाच लावलेल्या भिडूनं दोनदा दुप्पट देऊन विकत घेतलं तर समोर पंचवीस होतात, आणि त्याची पाचपानी झाली तर पन्नास द्यावे लागतात. म्हणून बँकेला ऐंशी म्हणालो. साठा संपला तर डावीकडून क्रमानं द्यायचे, आणि जिथं संपतील तिथं बँक पुढच्याकडे, असा नियम सोपा पडतो.

खेळताना सगळ्यांना हरवायच्या मागे लागू नका. सर्वांत जास्त चिंचोके कोणासमोर आहेत ते बघा आणि त्याच्याविरुद्ध खेळा. त्यानं विकत, विकत, मग उघडं असं घेतलंय? म्हणजे सुरुवात चांगली होती, मग कुठंतरी बारा-सोळात अडकला. नुसतं विकत आणि बस? तो वीसच्या आसपास आहे. पहिल्याच झटक्याला उघडं? त्याच्या दोन पानांची बेरीज बहुधा बारा ते सोळात होती. समोर उरलेले सगळे एकेक चिंचोक्याचे असतील तर सोळावरही निवांत थांबा; एक मोठा हात उभा असेल तर सोळावर पान घ्या, मामांनी घेतलं तसं. सतरा आणि वर मात्र थांबायचं, समोर पाचपानी बोलून झाली असली तरी. त्या एका हातासाठी बाकीचे कशाला घालवायचे?

गोव्याच्या टेबलावर हे चालेल का?

चोर्ला घाट उतरून पणजीला जाणारे बरेच असतात, आणि मांडवीतल्या बोटींवर ब्लॅकजॅक असतो. पत्ते तेच, खेळ वेगळा. तिथं वय २१ पूर्ण लागतं. बँक कायम कॅसिनोची, ती तुमच्याकडे कधी येत नाही. वाटणाऱ्याला तुमच्यासारखी निवड नसते. सोळापर्यंत पान घ्यायचंच आणि सतरापासून थांबायचं हे त्याला बांधलेलं असतं. त्याचं एक पान उघडं असतं, आणि तिथली सगळी आखणी त्या पानाभोवती फिरते. बरोबरीत चिंचोके, म्हणजे तिथल्या चिप्स, परत मिळतात. पण पाचपानीला दुप्पट नाही, त्यामुळे चार पानांतल्या पंधरा-सोळाचा वर केलेला हिशोब तिथं लागू पडत नाही. पहिलं पान बघून लावायची सोयही नाही. आधी लावायचं, मग पान.

ऑस्ट्रेलियातल्या कॅसिनोंत पॉन्टून याच नावानं आणखी तिसराच खेळ चालतो. त्यात प्रत्येक कॅटमधल्या चारही दश्श्या काढून टाकतात, ४८ पानं राहतात, आणि दहाच्या किमतीच्या पानांचं प्रमाण शेकडा एकतीसवरून पंचवीसवर येतं. मोबाईलवर शोधताना पॉन्टूनचे तक्ते हाती लागले तर ते ५२ पानांचे आहेत की ४८ चे, एवढं बघून घ्या. ४८ चे असतील तर आपल्या सतरंजीवर त्यांचा उपयोग नाही.